ठेकेदार काम अर्धवट सोडून गेला, पैसे परत कसे मिळवायचे? नागपूरच्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसा भागातल्या आमच्या प्लॉटवर स्लॅब टाकून झाली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात काम थांबलं ते थांबलंच. ठेकेदाराला साडेबारा लाख दिले होते. पावसाळ्यात कॉलमच्या उघड्या सळाखींवर गंज चढताना रोज बघत होतो. एकीकडे घरभाडं, दुसरीकडे बँकेचा हप्ता. त्यातून बाहेर पडायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. तेव्हापासून आमच्या लेआउटमधले शेजारी, नातेवाईक, कुणाच्या तरी ओळखीने फोन करणारे अनोळखी लोकसुद्धा मला हेच प्रश्न विचारतात. मी वकील नाही, त्यामुळे तुमचे कागद वकिलाला जरूर दाखवा. पण वकिलाकडे जाण्याआधी जे हातात असायला हवं, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते इथे लिहिलं आहे.

"ताई, बस आठ दिवस" हे दोन महिन्यांपासून चाललं आहे. काम सोडलं असं कधी समजायचं?

कायद्यात यासाठी ठरावीक दिवस दिलेले नाहीत. धान कापणीला लेबर छत्तीसगडला किंवा बालाघाटकडे जाते, होळीला पंधरा दिवस येत नाही, हे नागपुरात दरवर्षीचं आहे. अशा वेळी ठेकेदार स्वतः मात्र फोन उचलतो आणि त्याचं सामान साइटवर असतं. मिक्सर गेला, सेंट्रिंगच्या (स्लॅब टाकताना आधाराला लावायच्या) प्लेटा आणि बल्ल्या गेल्या, रखवालदारही गेला, तर तो परत येणार नाही असं धरून चाला. आमच्याकडे बल्ल्या एका रविवारी टेम्पोत भरून नेल्या. "दुसऱ्या साइटवर लागतात, मंगळवारी आणतो" असं सांगितलं आणि आम्ही ते मानलं.

त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर साध्या मराठीत लिहा: "अमुक तारखेपासून काम बंद आहे. दहा दिवसांत काम सुरू करा, नाहीतर तुम्ही काम सोडलं असं समजून पुढची कारवाई करू." या एका मेसेजने काम बंद पडल्याची तारीख पक्की होते, आणि पुढे केसची मुदत मोजताना ती तारीख लागते.

सगळ्यात आधी काय करू? पोलीस, वकील की नवा ठेकेदार?

यातलं काहीच नाही. आधी झालेलं काम मोजून घ्या.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि चूकही इथेच सगळ्यात जास्त होते. लोक वैतागून दुसऱ्या मिस्त्रीला बोलावतात, तो भिंती चढवतो, प्लास्टर करतो. सहा महिन्यांनी केस उभी राहते तेव्हा पहिल्याने किती काम केलं होतं हे दाखवायला काहीच उरलेलं नसतं. ठेकेदार म्हणतो, "भिंती माझ्याच आहेत, उलट माझेच दोन लाख बाकी आहेत." मग तुम्ही खरे असूनही हात चोळत बसता.

तुमचं भांडण शेवटी दोन आकड्यांवर येतं: किती पैसे गेले आणि किती काम झालं. पहिला आकडा बँकेत मिळतो. दुसरा फक्त साइटवर मिळतो, तोही दुसऱ्या माणसाचा हात लागेपर्यंतच.

मोजणीच्या आधी ठेकेदाराला लेखी कळवा: "अमुक तारखेला सकाळी ११ वाजता साइटवर मोजमाप आहे, हजर राहा. न आल्यास तुमच्या गैरहजेरीत मोजमाप होईल." तो बहुतेक येणार नाही, पण त्याला बोलावलं होतं हे कागदावर राहतं. मोजणीच्या वेळी दोन शेजाऱ्यांना उभं करा आणि कागदावर त्यांच्या सह्या घ्या.

आमच्या मोजणीला आलेल्या इंजिनिअरनी आधी टेप काढलाच नाही. ते जिन्याखालच्या कॉलमपाशी खाली बसले आणि जिथे काँक्रीट फुटून आतलं लोखंड दिसत होतं तिथे उभ्या सळाखींभोवतीच्या दोन रिंगांमधलं अंतर बोटांनी मोजू लागले. मग नकाशा उघडून मला दाखवला. नकाशात अंतर कमी होतं, कॉलममध्ये जास्त, म्हणजे रिंगा कमी घातल्या होत्या. "हे कामाच्या किमतीतून वजा होईल," ते म्हणाले. तोपर्यंत आम्ही फक्त राहिलेल्या कामाचा विचार करत होतो. झालेलं कामही वाईट असू शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

इंजिनिअर कसा निवडायचा? रिपोर्टमध्ये काय असावं?

सिव्हिल इंजिनिअर हवा, शक्यतो चार्टर्ड इंजिनिअर किंवा नोंदणीकृत मूल्यांकनकार. तुमचा भाचा किंवा तुमच्या नव्या ठेकेदाराचा माणूस नको. आधीच्या ठेकेदाराशीही त्याचा संबंध नसावा. रिपोर्टमध्ये प्रत्येक बाब वेगळी असू द्या: खोदकाम, प्लिंथ (जोतं), कॉलम, स्लॅब, विटांचं काम. प्रत्येकाचं माप, दर आणि किंमत लिहायला सांगा. दर कुठून घेतला हेही हवं: तुमच्या करारातला, की सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राज्य दरसूचीतला. ब्रासचा हिशोब असेल तर कोणता ब्रास ते स्पष्ट लिहून घ्या, कारण रेती-गिट्टीचा ब्रास १०० घनफुटांचा असतो आणि प्लास्टर-फरशीचा १०० चौरस फुटांचा. स्लॅबच्या मजबुतीबद्दल शंका असेल तर रिबाउंड हॅमरने (पृष्ठभागावर ठोका देऊन) किंवा काँक्रीटचा गोल तुकडा म्हणजे कोअर काढून चाचणी करता येते. फोटोंमध्ये टेप दिसू द्या आणि मूळ फोटो फोनमधून काढून टाकू नका.

नेमकी किती रक्कम मागता येते?

आमचाच हिशोब सांगते, थोडा गोल करून. पूर्ण घराचा ठेका मालासकट १८ लाखांचा होता. दिलेले पैसे १२ लाख ५० हजार. इंजिनिअरनी झालेल्या कामाची किंमत काढली ८ लाख ४० हजार. म्हणजे ४ लाख १० हजार जास्तीचे गेले.

इथेच थांबू नका. उरलेलं काम जुन्या दराने ९ लाख ६० हजारांत व्हायला हवं होतं. नव्या ठेकेदाराने ११ लाख २० हजार मागितले. हा वरचा १ लाख ६० हजारांचा फरक पहिल्याने काम सोडल्यामुळे पडला, म्हणून तोही मागता येतो. एकूण ५ लाख ७० हजार. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे करार मोडल्यामुळे थेट झालेलं नुकसान भरून मागता येतं. त्यात आठ महिन्यांचं जास्तीचं घरभाडं बसतं, पण भाडेकरार आणि पावत्या लागतात. मानसिक त्रासाची रक्कम ग्राहक आयोगात, म्हणजे लोक ज्याला ग्राहक न्यायालय म्हणतात तिथे, मागता येते.

एक कळकळीची विनंती आहे. आकडा फुगवू नका. त्याने केलेल्या चांगल्या कामाची किंमत प्रामाणिकपणे वजा करा. "सगळे साडेबारा लाख परत द्या" असं मागाल, तर समोरच्या वकिलाचा पहिलाच प्रश्न असेल की मग ही स्लॅब कुणी टाकली.

लेखी करारच नाही. अर्धे पैसे रोख दिले. आता काहीच होणार नाही का?

होतं. तोंडी करारही करारच असतो, फक्त तो सिद्ध करावा लागतो. रोख दिली म्हणून हक्क बुडत नाही. घरात जे आहे ते सगळं एका फाइलमध्ये जमा करा: त्याने वहीच्या पानावर लिहून दिलेला कच्चा हिशोब, "५० हजार मिळाले" असा मेसेज, यूपीआयच्या नोंदी, ज्या दिवशी रोख दिली त्या दिवशी पासबुकात दिसणारी काढलेली रक्कम, सिमेंट आणि लोखंडाच्या दुकानाची बिलं, मंजूर नकाशा, बँकेच्या गृहकर्जाचे टप्पे. बँकेचा माणूस प्रत्येक टप्प्याला साइट बघून गेलेला असतो, त्याचा अहवाल मागून घ्या.

व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करून देतात. फोन मात्र विकू नका आणि चॅट पुसू नका.

वकिलाची नोटीस पाठवणं सक्तीचं आहे का?

ग्राहक आयोगासाठी किंवा साध्या दिवाणी दाव्यासाठी सक्ती नाही, तरी पाठवाच. नोटिशीत रक्कम, मोजमापाचा आकडा आणि १५ दिवसांची मुदत असावी. आपण ज्याला रजिस्टर एडी म्हणायचो ती रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, म्हणून आता स्पीड पोस्टनेच पोचपावतीसह पाठवा. तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही टाका. पत्ता बरोबर असेल आणि त्याने पाकीट घ्यायला नकार दिला, तर ते न उघडता तसंच फाइलला लावा. "घेण्यास नकार" हा पोस्टमनचा शेरा तुमच्याच कामाचा आहे.

ग्राहक आयोगात जाता येईल का? तिथे काय होतं?

राहण्यासाठी घर बांधून घेत असाल तर बहुतेक वेळा हाच बरा रस्ता, आम्हीही इथेच गेलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येतच घरबांधणीचा उल्लेख आहे. नागपूरचा जिल्हा आयोग सिव्हिल लाइन्समध्ये आहे. ठेकेदार वर्ध्याचा असो की भंडाऱ्याचा, तुम्ही नागपुरात राहता म्हणून तक्रार नागपुरात करता येते.

कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही किती पैसे दिले त्यावर ठरतं, किती मागता त्यावर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरातही बसतं, मुंबईला जावं लागत नाही. फी अगदी कमी आहे: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. आम्ही ४०० भरले. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते, आणि वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते. अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मुदत दोन वर्षांची. ठेकेदार मधेमधे "देतो ताई, देतो" म्हणत राहतो आणि दिवस निघून जातात. त्याच्या शब्दावर मुदत वाढते असं धरून चालू नका, शेवटचं काम झालं त्या दिवसापासून मोजा. उशीर झालाच, तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांच्या पुढे मुदत देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तारीख लिहून ठेवा आणि उत्तर उशिरा आलं तर हरकत घ्या. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि तपासणी लागणार असेल तर पाच महिने सांगितले आहेत. आमच्या निकालाला २२ महिने लागले. मनाची तयारी त्या हिशोबाने ठेवा.

करारात "वाद लवादाकडे जाईल" असं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. गुंतागुंत फार असेल, मोठा तोंडी पुरावा लागणार असेल, तर मात्र आयोग दिवाणी न्यायालयात जायला सांगू शकतो. आमच्या प्रकरणात तसं झालं नाही. माझी खात्री आहे की ते मोजमापाच्या रिपोर्टमुळेच.

माझा ठेका फक्त मजुरीचा होता, माल मीच आणला. आणि मी घर नाही, दुकानाचे गाळे बांधत होतो. तरी चालेल?

मजुरीचा ठेका असला तरी ठरलेलं काम ठरलेल्या दराने करून देणं ही सेवाच आहे. पण मिस्त्री रोजंदारीवर असेल, रोज तुम्हीच काम सांगत असाल आणि हजेरी लावून पैसे देत असाल, तर ते नोकरीसारखं धरलं जाण्याचा धोका आहे. गाळे भाड्याने देऊन कमवायचे असतील तर "व्यापारी हेतू" म्हणून ग्राहक आयोग नाकारू शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायचं दुकान असेल तर सूट आहे.

दिवाणी दावा कधी करायचा?

ग्राहक आयोगात बसत नसाल तेव्हा, किंवा ठेकेदार प्लॉट, गाडी विकून मोकळा होण्याच्या बेतात असेल तेव्हा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८ नियम ५ खाली निकालाआधीच त्याच्या मालमत्तेवर जप्ती मागता येते, पण तो खरंच मालमत्ता हलवतो आहे हे दाखवावं लागतं. आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर नेमून साइटची पाहणीही करून घेता येते. मुदत साधारण तीन वर्षांची. ती संपण्याआधी त्याने सही करून "इतके देणं लागतो" असं लिहून दिलं, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते.

पोलीस म्हणतात, "हा दिवाणी मामला आहे." खरं आहे का?

बऱ्याचदा खरं असतं, आणि ऐकायला वाईट वाटतं. काम सोडलं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच त्याची नियत खोटी होती, हे दाखवावं लागतं. एकाच लेआउटमध्ये चार प्लॉटवाल्यांकडून एकाच महिन्यात पैसे उचलून एकाचंही काम पुढे नेलं नाही, लोखंडाची बनावट बिलं दिली, दुसऱ्याच्या फर्मचं नाव आणि जीएसटी क्रमांक लावला, असं काही असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजे फसवणूक आणि ३१६ म्हणजे विश्वासघात लागू शकतं. (१ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना जुनी ४२० आणि ४०६ ही कलमं लागतात.) अशा वेळी चौघांनी मिळून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस आयुक्तालयात आणि नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

पण गुन्हा दाखल झाला म्हणजे पैसे परत आले असं नाही. पैशाची केस वेगळी चालू ठेवा, नाहीतर ठाण्याच्या चकरांमध्ये ग्राहक आयोगाची दोन वर्षं निघून जातील.

त्याने परतफेडीचा चेक दिला आणि तो बाउन्स झाला.

मग तुमची बाजू एकदम भक्कम झाली, फक्त तारखा चुकवू नका. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा. परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस. ते संपल्यावर एका महिन्याच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची तक्रार. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. "थोडे दिवस थांबा, नवा चेक देतो" असं तो म्हणाला, तर ऐकून घ्या, पण नोटीस वेळेत पाठवाच.

महारेराकडे जाता येईल?

आपल्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतलं असेल तर नाही. महारेरा बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅट, रो-हाउससाठी आहे.

निकाल माझ्या बाजूने लागला, पण तो पैसे देत नाही.

आमच्याकडेही हेच झालं. निकालाची प्रत घेऊन घरी पेढे वाटले आणि मग चार महिने एक रुपया आला नाही. ग्राहक आयोगात यासाठी दोन अर्ज आहेत. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली करता येते, म्हणजे बँक खातं, गाडी, प्लॉट जप्त. कलम ७२ खाली आदेश न पाळल्याबद्दल एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आम्ही दोन्ही अर्ज केले. ७२ च्या अर्जात वॉरंट निघालं आणि ठेकेदार भावाला घेऊन आमच्या दारात आला. तीन हप्त्यांत पैसे दिले.

त्याने अपील केलं तरी घाबरू नका. ४५ दिवसांत करावं लागतं, आणि आदेशातल्या रकमेपैकी निम्मी आधी जमा करावी लागते.

मालमत्तेचा शोध मात्र केस टाकायच्या आधीच घेऊन ठेवा. तुम्ही यूपीआय केलं होतं, त्यावरून त्याची बँक कळते. गाडीचा नंबर लिहून ठेवा. गावाकडच्या शेताचा सातबारा ऑनलाइन दिसतो, शहरातल्या जागेची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढता येते.

वकील परवडत नाही.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कमी उत्पन्नाच्या इतर लोकांनाही मिळतो. म्हणून तक्रार घरातल्या स्त्रीच्या नावाने करता येईल का बघा, प्लॉट आणि करारात तिचं नाव असेल तर. तिथूनच लोकअदालतीतही प्रकरण ठेवता येतं. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, त्यामुळे सही करण्याआधी हप्त्यांच्या तारखा नीट लिहून घ्या.

त्याचं सामान माझ्या साइटवर पडलं आहे. विकून पैसे वळते करू का?

करू नका. तुम्हीच चोरीच्या तक्रारीत अडकाल. यादी करा, फोटो काढा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि "अमुक तारखेपर्यंत पावती देऊन घेऊन जा" असं लेखी कळवा.

त्याचे मजूर आणि दुकानदार माझ्या दारात येऊन पैसे मागतात.

दुकानदाराचं बिल कुणाच्या नावावर आहे ते बघा. ठेकेदाराच्या नावावर असेल तर ते देणं त्याचं. मजुरांचं मन मात्र मोडू नका. त्यांचीही मजुरी बुडाली आहे, आणि कोणत्या तारखेला काम बंद पडलं, किती पोती सिमेंट साइटवरून दुसरीकडे गेली, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आमच्याकडे एका बिगारी बाईने दिलेलं शपथपत्र आयोगात फार उपयोगी पडलं.

उरलेलं काम दुसऱ्याला देताना काय लिहून घेऊ?

मोजमाप आणि फोटो झाले की काम सुरू करायला हरकत नाही, निकालाची वाट बघत घर भिजवू नका. योग्य रकमेच्या स्टॅम्पवर करार करा आणि नकाशाची प्रत त्याला जोडा. पैसे तारखेवर नाही, कामाच्या टप्प्यावर द्या, तेही टप्पा झाल्यावर. आगाऊ रक्कम एका आठवड्याच्या मालापुरतीच. प्रत्येक बिलातून पाच टक्के मागे ठेवा आणि ते घर ताब्यात आल्यावर एक पावसाळा बघून द्या. आमच्या दुसऱ्या मिस्त्रीकाकांनी ही अट ऐकली आणि म्हणाले, "गळलं तर मीच येईन न, ठेवा पैसे." साइटवर एक जाड वही टांगली होती. दर शनिवारी संध्याकाळी त्यात आठवड्याचं काम आणि दिलेले पैसे लिहायचे, खाली त्यांची सही, बाजूला माझी.